७०-२०० एफ/४ला ट्रायपॉड कॉलर: ओरिजिनल, डुप्लिकेट की काहीच नको?

कवडीपाट (रविवार, सकाळी ९:४०)

कॅनन ईएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस (आयएस म्हणजे हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा). लेन्स ७६० ग्रॅम, बॉडी साधारण साडेसहाशे. खोक्यात हूड मिळतो, पाऊच मिळतो, कॉलर (लेन्सला कवटाळणारी, ट्रायपॉडवर बसवायला पाय असलेली रिंग) मिळत नाही. ती 'ट्रायपॉड माउंट रिंग ए-टू' या नावाने वेगळी घ्यायची. ओरिजिनलची किंमत बघितली की त्यापेक्षा बरं बॉलहेडच (ट्रायपॉडवरचं, गोळ्यावर फिरणारं डोकं) घ्यावं असं वाटतं, आणि हुबेहूब दिसणाऱ्या डुप्लिकेट चणे-फुटाण्याच्या भावात आहेत.

वापर: पहाटेचे डोंगर, १/३० पासून दोन-तीन सेकंदांपर्यंतचं शटर, निम्म्या फ्रेम उभ्या. बॉडी थेट हेडवर लावली की नॉब आवळून हात काढताच लेन्सचं नाक खाली बसतं आणि फ्रेम हलते.

प्रश्न तीन. एवढ्याशा लेन्सला कॉलर खरंच लागते का? डुप्लिकेटमध्ये नेमकं काय कमी असतं? आणि दुकानात पाच मिनिटांत काय तपासायचं?

पाणकावळा (९:५२)

कॉलर शर्टाची असो वा लेन्सची, ताठ पाहिजे. बाकी जाणकार येतीलच. मी खुर्ची टाकून बसलोय.

नटबोल्ट (१०:२५)

आधी नाक का बसतं ते बघू. बॉडीच्या तळाचं भोक साधारण सेन्सरच्या खाली असतं आणि लेन्सचं सगळं वजन त्याच्या पुढे लोंबतं. ७६० ग्रॅमचा भार भोकापासून १० सेंमी पुढे धरा: ७.६ किलो-सेंमी पीळ. हा पीळ तिघांना झेलावा लागतो. बॉलच्या घर्षणाला, बॉडीच्या तळाला, आणि प्लेट (बॉडीखाली स्क्रूने बसवून हेडमध्ये अडकवायची पट्टी) व बॉडी यांच्या मधल्या रबराला किंवा बुचाला. लोक सगळा दोष बॉलहेडला देतात, पण निम्म्या वेळा ते मधलं रबरच दबत असतं. प्लेट काढून बघा. पुढच्या कडेला रबर चकचकीत झालं असेल तर चोर तोच.

कॉलर लावली की टेकू लेन्सच्या पोटाशी जातो. पुढे काच, मागे बॉडी, तराजू जवळपास समतोल. पीळ उरतच नाही, तर बॉलला फक्त उभं वजन धरायचं असतं, आणि ते काम स्वस्तातलं हेडही नीट करतं. म्हणजे 'कॉलर की चांगलं बॉलहेड' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वापरासाठी कॉलर.

दोन_स्टॉप (१०:४१)

असहमत. कॅननने ही लेन्स कॉलरशिवाय विकली याचाच अर्थ गरज नाही. मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची नवी आरएफ ७०-२०० एफ/४ तर ६९५ ग्रॅमची आहे आणि तिला कॉलर बसवायची सोयच ठेवलेली नाही. कंपनीला कळत नाही का?

नटबोल्ट (१०:५८)

@दोन_स्टॉप: कंपनीला कळतं. आरएफवाली बंद असताना ११९ मिमी लांब आहे, ईएफ १७२ मिमी. वजन जवळपास तेच, पण ते बॉडीला चिकटून आहे. पीळ नुसत्या वजनावर ठरत नाही, अंतरावरही तितकाच ठरतो. २०० वर नेल्यावर आरएफचंही नाक पुढे येतं, पण पुढची काच हलकी असल्याने फरक थोडा.

'कॉलर नसेल तर माउंट (लेन्स आणि बॉडीचा जोड) मोडतं' हे मात्र मीही म्हणणार नाही. पाऊण किलोला माउंटला काही होत नाही. प्रश्न मोडण्याचा नसून फोटो हलण्याचा आहे.

उभी_रेघ (११:१५)

उभ्या फ्रेमचा मुद्दा कुणी घेतलाच नाही. बॉडी हेडवर असेल तर उभ्या फ्रेमसाठी बॉल खाचेत आडवा पाडावा लागतो. सगळं वजन ट्रायपॉडच्या मध्यरेषेबाहेर जातं, प्लेटचा स्क्रू सैल होण्याच्या दिशेला ओढला जाऊ शकतो, आणि फ्रेम पुन्हा पहिल्यापासून लावायची. कॉलरमध्ये नॉब अर्धा फेरा सैल करायचा, कॅमेरा ९० अंश फिरवायचा, खुणा जुळवायच्या, आवळायचं. लेन्सचा अक्ष जागचा हलत नाही. समोरचं शिखर मध्यावर होतं तर मध्यावरच राहतं.

यावर लोक एल-प्लेट (बॉडीच्या तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट) सुचवतात. एल-प्लेटने उभ्या फ्रेमची सोय होते, पुढे लोंबणारं वजन तसंच राहतं. छोट्या लेन्सना एल-प्लेट, लांब लेन्सला कॉलर.

कवडीपाट (११:३०)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटलं. रबराचं तर डोक्यातच नव्हतं. आता डुप्लिकेटबद्दल बोला.

सह्यवारा (दुपारी १२:४८)

सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

कॉलरचे भाग पाच: रिंग, बिजागरी, नॉब, आतलं अस्तर आणि पाय. डुप्लिकेटमध्ये रिंग क्वचितच दगा देते. दगा देतो तो पाय आणि रिंग यांच्यामधला सांधा.

१. सांधा. ओरिजिनलमध्ये पाय आणि रिंग यांची मान रुंद असते. डुप्लिकेटमध्ये ओतीव धातू वाचवायला मान आतून पोखरलेली असते किंवा पाय वेगळा करून दोन स्क्रूंनी जोडलेला असतो. कॉलर उलटी करून आतल्या बाजूने बघा. स्क्रूची डोकी दिसली तर तो जोड आहे. जोड असणं हा गुन्हा नाही, मोठ्या लेन्सना असतोच. फक्त स्क्रू चार हवेत, आणि पायाला बसायला सपाट खाच हवी. नुसत्या दोन स्क्रूंवर तरंगणारा पाय नको.

२. अस्तर. चांगल्या कॉलरला आत पातळ फेल्ट किंवा गुळगुळीत नायलॉनसारखी पट्टी असते. डुप्लिकेटमध्ये पट्टी जाड आणि मऊ असते, कारण रिंगचा व्यास नेमका आलेला नसतो आणि ती चूक मखमलीने झाकलेली असते. मऊ अस्तर म्हणजे पुन्हा तेच दबणारं रबर, फक्त जागा बदलली.

३. बिजागरी. रिंग उघडून दोन्ही अर्ध्या आडव्या हलवून बघा. पिनमध्ये खडखड असेल तर आवळल्यावर रिंग गोल राहत नाही, अंडाकृती होते. मग लेन्सला ती दोनच ठिकाणी धरते.

४. नॉब. पूर्ण आवळल्यावर रिंगच्या दोन टोकांत थोडी फट उरायला हवी. टोकाला टोक भिडलं आणि तरी लेन्स फिरते, तर रिंग मोठी आहे. कितीही आवळा, उपयोग नाही.

५. पायाचा तळ. दुकानातली स्टीलची पट्टी तळावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर तळ फुगलेला किंवा खोलगट आहे, प्लेट डुगडुगणार.

आणि दुकानात लेन्स घेऊनच जा. कॉलर लावून, कॅमेरा न लावता, पाय टेबलावर दाबून धरा आणि लेन्सचं पुढचं टोक बोटाने वर-खाली करा. नजरेला हललेलं दिसलं तर ठेवून द्या आणि घरी या.

फिल्मवाला_आजोबा (१:२०)

सह्यवाऱ्याच्या पहिल्या मुद्द्याला +१. ओरिजिनल म्हणजे चांगलीच, असं मात्र समजू नका. निकॉनची ३०० एफ/४ डी, २००० सालची, काच अव्वल आणि कॉलर बदनाम. १४४० ग्रॅमची लेन्स एका बारक्या मानेवर उभी. फोटो घेताना कॅमेऱ्यातला आरसा उचलला की सगळा डोलारा झुलायचा, आणि १/१५ च्या आसपासचे फोटो हटकून मऊ (धूसर) यायचे. लोक काचेला दोष देत बसले. शेवटी कर्क आणि रिअली राइट स्टफ या कंपन्यांनी तिच्यासाठी वेगळ्या कॉलर काढल्या, आणि त्याच काचेचे फोटो धारदार दिसू लागले.

उलट उदाहरण तुमच्याच घरातलं. कॅननची ४०० एफ/५.६ एल, १२५० ग्रॅम. तिच्याबरोबर मिळणारी कॉलर याच ए-टू जातीची. जी रिंग सव्वा किलो आणि ४०० मिमी झेलते, तिला तुमची ७०-२०० म्हणजे पोरखेळ. ओरिजिनलच्या किमतीत हा जादा दम आहे.

दोन_स्टॉप (१:३३)

दम आहे मान्य, पण दाम? सेकंडहँड शोधा. कॉलर ही अशी वस्तू आहे की लोक लेन्स विकतात आणि कॉलर कपाटात विसरतात.

सह्यवारा (१:४०)

@दोन_स्टॉप, पहिल्यांदाच सहमत. फक्त एक बघा, ए-टू पांढरीही मिळते आणि काळीही, रंगापुरताच फरक. या लेन्सची आयएस टू आवृत्ती आल्यावर पांढऱ्याचीही छटा बदलली, म्हणून तिच्या कॉलरच्या नावात डब्ल्यूच्या (म्हणजे पांढरीच्या) पुढे टू लागतं. जुन्या लेन्सवर नवी लावली तर जरा दुरंगी दिसेल. फोटोत दिसत नाही.

पाणकावळा (१:४४)

पांढऱ्यात पण छटा! साडीच्या दुकानात आलो की काय?

माया_मॅक्रो (२:३०)

लांब लेन्सवाल्यांनी धागा बळकावलाय म्हणून मॅक्रोची बाजू. १०० एल मॅक्रो ६२५ ग्रॅमचीच, तरी तिला रिंग डी वेगळी मिळते आणि ती घेण्यासारखी आहे. कारण वजन नाही. १:१ वर (विषय सेन्सरवर खऱ्या आकारात पडतो तेव्हा) विषय लेन्सच्या अक्षापासून एक मिलिमीटर सरकला तर सेन्सरवरही एक मिलिमीटर सरकतो. बॉल पाडून उभी फ्रेम करायला गेलं तर फूल फ्रेमच्या बाहेर, आणि रेल (कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी), उंची, फोकस सगळं नव्याने. कॉलरमध्ये फिरवलं तर फूल जिथल्या तिथे. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नटबोल्ट (३:०५)

थोडं गणित, कारण 'हललेलं दिसलं तर' ही चाचणी पुरेशी नाही. जे डोळ्याला दिसत नाही तेही फोटोत दिसतं.

२४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉन. २०० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे ६ भागिले २,००,०००, साधारण ६ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आता रिंगपासून तळापर्यंत पाय ६० मिमी उंच धरा. पायाचं वरचं टोक तळाच्या मानाने फक्त १.८ मायक्रॉन झुकलं की प्रतिमा एक पिक्सेल सरकते. केसाच्या जाडीचा चाळिसावा भाग! म्हणून उंच पाय देखणा दिसतो पण घातक असतो. तीच मान अर्ध्या उंचीची केली की ती कितीतरी पट ताठ होते. बुटके पाय म्हणूनच वेगळे विकले जातात.

बुटक्या पायाचा तोटाही सांगतो. लेन्स आणि पाय यांच्या फटीत बोटं मावत नाहीत, म्हणजे पाय धरून लेन्स उचलता येत नाही. आणि ग्रिप (बॉडीखालची जादा मूठ) लावलेली बॉडी उभी फिरवताना तिचा तळ प्लेटच्या मागच्या टोकाला अडतो. अशा वेळी लांब प्लेट मागे बाहेर आलेली ठेवायची नाही, पुढे सरकवायची.

कवडीपाट (३:२०)

१.८ मायक्रॉन वाचून हातच थरथरायला लागला, आता कॉलरचा काय उपयोग.

खरा प्रश्न: कॉलर लावल्यावर ती ठीक आहे हे घरी कसं तपासायचं?

नटबोल्ट (४:१०)

उपकरण काही लागत नाही. फरशीवर ट्रायपॉड, मधला दांडा खाली, लेन्स २०० वर, आयएस बंद. समोर ३०-४० मीटरवरची पाटी किंवा जाळी पकडा. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठं करा. आता हूडवर पेन्सिलीने एक हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनवरचं चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. अर्ध्या-पाऊण सेकंदात थांबलं तर उत्तम. दोन सेकंद डोलत राहिलं तर कुठेतरी स्प्रिंग आहे.

स्प्रिंग कुठे, ते शोधायची रीत: लेन्स न हलवता एकेक जागा दोन बोटांत हलकेच धरा आणि प्रत्येक वेळी नवी टिचकी मारा. पायाची मान धरल्यावर डोलणं एकदम कमी झालं तर दोष मानेचा. प्लेट धरल्यावर कमी झालं तर प्लेटचा स्क्रू. हेडची मान धरल्यावर कमी झालं तर कॉलर निर्दोष, उगाच पैसे घालू नका.

मग फोटो घेऊन खात्री. एकाच पाटीचे १/२५०, १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४, १ सेकंद, प्रत्येकी पाच-पाच. छिद्र एकच, आयएसओ बदलत जा. आरसावाल्या कॅमेऱ्यात १/३० ते १/४ या पट्ट्यात मऊपणा आला आणि १ सेकंदाला पुन्हा धार आली, तर तो आरशाचा धक्का. १ सेकंदात धक्क्याचा वाटा छोटा राहतो म्हणून ते फोटो वाचतात. मिररलेसमध्ये असाच त्रास शटरच्या पडद्यामुळे साधारण १/६० ते १/२०० मध्ये दिसतो. तिथे इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा चालू करा, कॉलरला दोष देऊ नका.

दोन_स्टॉप (४:२८)

आणि २ सेकंद टायमर लावा की राव. निम्मा आजार बटण दाबणाऱ्या बोटाचा असतो.

उभी_रेघ (४:३१)

टायमरने बोट सुटतं, आरसा सुटत नाही. मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यूमधून शूट. दोन्ही एकत्र करा.

घाटमाथा (५:१५)

रच्याकने, प्लेटचा स्क्रू हरवला तर नटबोल्टच्या दुकानात काय मागायचं? दुकानदार एम-६ देतो, दोन आटे जातो आणि अडकतो.

नटबोल्ट (५:५०)

माझ्या नावाला जागायची वेळ आली. एम-६ अजिबात नको. त्याची पिच (दोन आट्यांतलं अंतर) १ मिमी, कॅमेऱ्याच्या भोकाची १.२७ मिमी. अडकल्यावर जोर केला की पायाचे ॲल्युमिनियमचे आटे गेले. मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवणारा शोधत फिरा.

मागायचा तो पाव इंची, इंचाला २० आटे. यूएनसी (अमेरिकी पद्धतीचे आटे) मिळाला तर उत्तम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाव इंची बीएसडब्ल्यू (जुन्या ब्रिटिश पद्धतीचा) मिळतो. त्यातही इंचाला २० आटेच असतात, फक्त आट्याचा कोन ६० ऐवजी ५५ अंश. एवढ्या मापाला, हाताने आवळण्यापुरता तो चालतो. मोठ्या पायांवरचं दुसरं भोक ३/८ इंची, त्याला १६ आटे. तिथेही दोन्ही पद्धतींत आटे तितकेच.

खरी फसगत लांबीत होते. प्लेटच्या वर स्क्रू साडेचार-पाच मिमीच यायला हवा. सात-आठ मिमी आला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि प्लेट मात्र पायाला चिकटलेलीच नसते. कागदाची पट्टी प्लेट आणि पायाच्या मध्ये सरकवून बघा. आत गेली तर स्क्रू लांब आहे. खाली एक वॉशर घाला किंवा कानशीने घासा.

आणि एका स्क्रूवर प्लेट गोल फिरते हे विसरू नका. पायाला दोन भोकं असतील तर दोन स्क्रूंची लांब प्लेट घ्या. एकच असेल तर कड असलेली प्लेट, म्हणजे पायाच्या बाजूला टेकणारी. प्लेट लेन्सच्या दिशेने लांब हवी, बॉडीवाल्यासारखी आडवी नव्हे. त्यामुळे बॉलहेडचा क्लॅम्प ९० अंश फिरवावा लागेल.

फिल्मवाला_आजोबा (६:१०)

काही पाय मुळातच आर्का-स्विस खाचेचे (थेट हेडच्या क्लॅम्पमध्ये सरकणारे) येतात, प्लेटच लागत नाही. टॅमरॉन १५०-६०० जी-टू, ऑलिंपस ३०० एफ/४. सोनी २००-६००चा पाय तसा नाही, म्हणून लोक तो काढून दुसरा लावतात. तिथे पाय निघतो, रिंग लेन्सलाच कायमची असते.

घाटमाथा (६:२२)

पाय बदलताना स्क्रूला लॉकटाइट (आटे सैल होऊ नयेत म्हणूनचा गोंद) लावायचं का?

नटबोल्ट (६:४०)

निळं, मध्यम ताकदीचं, तेही एकच थेंब. आधी आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. लाल नको, पुढे उघडताना ॲलन की फिरेल पण स्क्रू फिरणार नाही. आणि लेन्सचं किंवा पट्टीचं प्लास्टिक जवळ असेल तर थेंब ओघळू देऊ नका, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात. २४ तास तसंच ठेवा. ॲलन की नेमकी वापरा. एम-४ दंडगोल डोक्याला ३ मिमी, एम-५ला ४ मिमी, आणि खोलगट बसणारं डोकं असेल तर एम-४ला २.५. 'जवळपास बसतेय' म्हणून छोटी की घालणाऱ्यांचे स्क्रू शेवटी ड्रिलने काढावे लागतात.

खाडीकाठ (रात्री ८:०५)

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी. खारं वारं कॉलरच्या आत शिरतं आणि फेल्ट ते धरून ठेवतं. पावसाळ्यात कॉलर लेन्सवर महिनोन्‌महिने तशीच आवळलेली ठेवू नका. काढा, अस्तर मऊ दातघाशीने झाडा, लेन्सवरचा पट्टा किंचित ओल्या आणि मग कोरड्या कापडाने पुसा, कॉलर वेगळी वाळू द्या. फिरवताना करकर आली तर आत वाळू आहे. तशीच फिरवत राहिलात तर लेन्सच्या रंगावर गोल चरे उमटतात.

तेल, ग्रीस, खोबरेल, गंज सोडवायचा फवारा, काहीही आत घालू नका. तेलकट फेल्ट लेन्सला धरत नाही आणि धूळ मात्र धरतं. नॉबच्या आट्यांना फक्त टाचणीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस चालेल.

पाणकावळा (८:१२)

खोबरेल लावणारे खरंच आहेत??

खाडीकाठ (८:१५)

कोकणात आहोत, विचारू नका. :)

रानमांजर (८:४५)

ताडोबाला जिप्सीत ट्रायपॉड चालत नाही, मग कॉलरचं काय करायचं? काढून ठेवायची?

सह्यवारा (९:०२)

काढू नका, वर फिरवा. बीनबॅग जिप्सीच्या दांड्यावर टाकायची, पाय आकाशाकडे, लेन्सचं पोट थेट बॅगेत रुतवायचं. पाय खाली ठेवला तर लेन्स एका ठोकळ्यावर डुगडुगते. बॅगेत तांदूळ किंवा मूग, पाऊणच भरायची. गच्च भरली की दगड होतो, लेन्स रुतत नाही. थर्माकोलचे गोळे हलके, पण जिप्सीचं इंजिन चालू असेल तर थरथर मुरवत नाहीत.

भिगवणला नावेत तर ट्रायपॉड काढूच नका. नाव डुलते तसा ट्रायपॉड डुलतो. तिथे हातात धरा, आणि पाय खाली ठेवून त्याचा तळ तळहातावर टेकवा. तळहातात पाय, बोटं झूम रिंगवर, कोपर बरगडीला. कॉलरचा हा फुकटातला उपयोग कोणी सांगत नाही.

दोन_स्टॉप (९:१०)

आणि आयएस हातात व मोनोपॉडवर चालू, ट्रायपॉडवर बंद. लेन्सच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी.

रानमांजर (९:१२)

धन्यवाद. आता तांदूळ कुठला, कोलम की इंद्रायणी?

पाणकावळा (९:१३)

धाग्याची खिचडी झाली.

कवडीपाट (सोमवार, रात्री १०:२०)

टिचकीची चाचणी करून पाहिली, कॉलर न घेता. बॉडी थेट हेडवर: अडीच सेकंद डोलणं. प्लेट काढून बघितलं तर पुढच्या कडेचं रबर खरंच चकचकीत. तळाला रबर नसलेली, कड असलेली प्लेट उसनी लावून बघितली: सव्वा सेकंद. म्हणजे निम्मा चोर तोच होता.

एका दुकानात सेकंडहँड ए-टू पांढरी मिळतेय. खुणा, बिजागरी, तळ सगळं ठीक. फक्त आवळल्यावर टोकांमधली फट जवळपास संपते. घ्यावी का? आणि पाय पुढे करायचा की मागे?

सह्यवारा (१०:४१)

आवळल्यावर लेन्स हाताने फिरते का, ते महत्त्वाचं. फिरत नसेल तर घ्या. अस्तर घासून पातळ झालेलं असणार, म्हणून फट कमी. लावताना रिंग माउंटजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावरच बसली पाहिजे, झूम रिंगवर चढता कामा नये. आवळल्यावर झूम जड झालं तर ती चुकीच्या जागी बसली आहे. उघडताना नॉब सैल करून बाहेर ओढावा लागतो, नुसता सैल केला तर रिंग उघडत नाही. ते मुद्दाम केलेलं आहे, अडकलंय समजून स्क्रूड्रायव्हर घालू नका.

पाय पुढे की मागे, हे तुमची बॉडी ठरवेल. बॉडी आणि हूडसकट लेन्स २०० वर न्या, पाय एका बोटावर तोला. नाक पडत असेल तर पाय पुढे, बॉडी पडत असेल तर मागे.

नटबोल्ट (१०:५५)

फट वाढवायची असेल तर जुनं अस्तर खरवडून काढू नका. त्यावरच ०.१ मिमीची चिकट टेफ्लॉन पट्टी, सबंध गोलाईत, सांधा बिजागरीच्या बाजूला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालणारे भेटतील. रबर घातलंत तर प्लेटमधून हाकललेला चोर कॉलरमध्ये येऊन बसेल.

कवडीपाट (११:०२)

पट्टी ०.१ची मिळाली नाही आणि ०.२ची मिळाली तर?

नटबोल्ट (११:०४)

मग रिंगच्या नॉबकडच्या अर्ध्या भागातच लावा, दुसरा अर्धा तसाच ठेवा. लावल्यावर लेन्स खुणेपासून खुणेपर्यंत चार वेळा फिरवून बघा. कुठे जड, कुठे सैल लागली तर पट्टीखाली हवा राहिली आहे. काढून पुन्हा लावा.